आत्तींनी वेगळं काढलं

लग्न होऊन मी निपाणीला आले तेव्हा मॅट्रिकचं गणित राहिलेलं होतं. माहेर बेळगुंदीचं, शेतकऱ्याचं. बाकीचे विषय सुटले होते, आणि सासरी गेल्यावर परत बसते असं मी वडिलांना सांगून आले होते. सासरी माणसं अकरा. सकाळी चूल पेटली की थोरल्या जाऊबाई आणि मी भाकऱ्या थापत बसायचो. दुपारी भांडी, मग दळण, मग परत चूल. गणिताचं पुस्तक ट्रंकेतच राहिलं.

सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. आमच्या आत्ती कमी बोलायच्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका दुपारी सगळे जेवत असताना त्या म्हणाल्या, "धाकट्याला आन हिला वेगळं काढायचं. परड्यातल्या खोलीत चूल मांडा."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. 'वेगळं' हा शब्द घरात दिवसातून दहादा यायचा. ज्वारीचं पीठ वेगळं ठेव, पाहुण्यांचा चहा वेगळा कर. त्यात काही नसायचं. पण 'वेगळी निघाली' म्हणताना बायका आवाज खाली घ्यायच्या. त्याचा अर्थ एकच, सुनेनं घर फोडलं. हे तंबाखूच्या वखारीत कामाला होते. खाली मान घालून जेवत राहिले. मी न्हाणीत जाऊन रडले. माझं चुकलं काय, तेच कळेना.

दोन दिवसांत आम्ही परड्यात, घरामागच्या खोलीत गेलो. दोन पातेली, एक तवा, एक परात. पहिल्या दिवशी सवयीनं पीठ जास्त मळलं आणि भाकऱ्या उरल्या. दोघंच जेवायला बसलो. भिंतीपलीकडं सगळ्यांचा आवाज येत होता.

तिसऱ्या दिवशी मी नळावर गेले. शेजारच्या आक्का कानडी बोलायच्या. दुसरीला त्या हळूच म्हणाल्या, "ब्यारे आग्यार." म्हणजे वेगळे झालेत. दुसरीनं माझ्याकडं बघत म्हटलं, "काल आलेली पोरगी, वर्षात घर फोडलं की."

माझ्या मागं आत्ती कळशी घेऊन उभ्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. त्या पुढं झाल्या. "तिनं न्हाय फोडलं. म्या काढलं. माझंच न्हाय पटलं तिच्यासंगं." एवढं बोलून त्यांनी कळशी भरली आणि माझ्याकडं न बघता निघून गेल्या.

त्याच दुपारी पदराखाली वाटी झाकून त्या परड्यात आल्या. वाटीत वांग्याची भाजी होती. मी उठून उभी राहिले.

"बस," त्या म्हणाल्या. "दोघांच्या भाकऱ्या किती लागत्यात?"

"चार-पाच."

"मग उरल्या वेळात काय करतीस? पुस्तक काढ की."

"आत्ती, त्यासाठी? मग तसं सांगायचं होतं की सगळ्यांना!"

"सांगितलं असतं तर थोरली म्हणाली असती, मी राबायचं आन हिनं वाचत बसायचं व्हय? तिचं बी खरंच हाय. भांडून काढलं म्हटलं की कोन काय इचारत न्हाय."

"पण लोक तुम्हाला नावं ठेवत्यात."

"ठिवू देत. सासवंला ठेवत्यातच."

गणित सुटायला मला दोन खेपा लागल्या. तोवर आत्ती चारचौघांत माझ्याशी फटकूनच राहिल्या. माझी आई बेळगुंदीहून आली, तेव्हा लेकीच्या वतीनं तिनं हात जोडून माफी मागितली. आत्तींनी ती गप्प ऐकून घेतली. आईला खरं मी पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

पुढं शिक्षिकेच्या ट्रेनिंगला बेळगावात खासबागेत खोली घेऊन राहिले, आणि नंतर उचगावच्या शाळेत लागले. एकदा वर्गात 'एकत्र कुटुंब, विभक्त कुटुंब' शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, "बाई, विभक्त म्हणजे भांडून निघालेलं?" पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण ती असं का विचारत होती ते मला कळलं. मी म्हटलं, "भांडूनच निघतात असं नाही. कुणी आपल्याला जागा करून देतं, तेव्हाही निघावं लागतं."

आत्ती गेल्या त्या वर्षी दिवाळीला मी थोरल्या जाऊबाईंना सगळं सांगितलं. माझ्या वाटणीच्या भाकऱ्या इतकी वर्षं त्यांनीच थापल्या होत्या, ते मनाला लागून राहिलं होतं.

जाऊबाई करंज्यांचं पीठ मळत होत्या. त्या हसल्या. "मला म्हाईत हुतं गं. भांडलेली सासू रोज दुपारी वाटी झाकून घिऊन जाती व्हय? आन भाजी तर मीच वाढून देत हुते."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "हात पिठाचं हायत माजं, सर बाजूला." आणि लाटायला पोळपाट माझ्याकडं सरकवला.