कानसेन आणि गोल दिवा

कॉफीची मशीनं दुरुस्त करणाऱ्या त्या दुकानात काउंटरच्या मागे एक लांब टेबल होतं, आणि त्या टेबलाशी सोळा वर्षं एकच माणूस बसत आला होता. त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा संबंध एवढाच, की तो कधी अंघोळीतसुद्धा गुणगुणला नव्हता. पण कॅप्सूल घालून कॉफी काढायचं ते घरगुती मशीन पुढ्यात आलं, की स्क्रू काढायच्या आधी तो त्याच्या बगलेला कान लावायचा, बटण दाबायचा आणि डोळे मिटायचा. निरोगी पंप म्हणे एका दमात बोलतो: घुर्रर्र. हवा अडकली की त्याला ठसका लागतो: घुर्र-टक्, घुर्र-टक्. आणि आत पाण्याचा क्षार साचला की सूर चढतो, सासूने वरच्या मजल्यावरून सुनेला हाक मारावी तसा: घीऽऽऽ. कानसेन हे तिन्ही आवाज तोंडाने हुबेहूब काढून दाखवायचा. गिऱ्हाईक तक्रार विसरून हसायला लागायचं.

दिव्यांची चौकशी मात्र काउंटरवर व्हायची. तिथे ताई बसायच्या. फोन खांद्यात दाबलेला, एका हातात पेन, दुसऱ्यात अर्धं बिस्कीट, आणि तोंडाचा पट्टा सुरू: दिवा लुकलुकतो की नुसता जळतो, एक की दोन, एकदम की आळीपाळीने? प्रत्येकाला वाटायचं, असा आजार जगात आपल्याच मशीनला झालाय. एक गृहस्थ स्वतः इंजिनियर असल्यामुळे सांगायचे, की आतलं सर्किट गेलंय. त्यांच्या टाकीत पाणीच नसायचं. एक बाई फोनवर कुजबुजायच्या, मशीनला ऐकू जाऊ नये म्हणून: सकाळपासून डोळे मिचकावतंय हो माझ्याकडे. ताई सगळ्यांचं ऐकून चिठ्ठी फाडायच्या. नाव, पत्ता, तक्रार, आणि शेवटचा रकाना, दिव्याचा रंग.

कानसेन घरी जाऊन दुरुस्ती करायचा तेव्हाही रंग गिऱ्हाइकाच्याच तोंडून वदवून घ्यायचा. मशीन तुमचं, डोळे तुमचे, तुम्हीच सांगा, म्हणायचा. लोकांना तो विनय वाटे. मालक तर नव्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, की आमचा माणूस एवढा जाणकार, पण आधी तुमचं ऐकणार.

विनय कसला डोंबलाचा. कानसेनला रंग कळत नव्हते. निळा, पिवळा ठीक. पण लाल, नारिंगी आणि हिरवा ही त्याच्या डोळ्यांना वाळल्या चिखलाची तीन भावंडं होती, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. जन्मापासूनचंच ते. विसाव्या वर्षी वायरिंगच्या कारखान्यात लागला आणि तिसऱ्या दिवशी लाल वायर हिरवीला जोडून बसला. मोठा जाळ झाला नाही, पण फोरमनने चाळीस माणसांसमोर त्याला एकेक वायर उचलून रंग विचारला, आणि चाळीस माणसं पोट धरून हसली. संध्याकाळी तो नोकरी सुटून घरी बसला होता. त्यानंतर ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही. बायकोला लग्नानंतर आपोआप कळली, कारण हौसेने आणलेल्या मोज्यांच्या जोडीत एक मोजा लाल होता आणि एक हिरवा. तेव्हापासून त्याचे कपडे तीच काढून ठेवायची आणि टोमॅटो आणायला त्याला कधी पाठवायची नाही.

जुन्या मशीनना दोन दिवे असत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. दोन्ही एकदम लुकलुकले तर टाकी रिकामी, आळीपाळीने तर क्षार. रंग लागायचा तो चिठ्ठीतल्या रकान्यापुरता. जागा आणि ताल एवढ्यावर कानसेनने सोळा वर्षं काढली.

मग नवं मॉडेल आलं. झाकणाभोवती कड्यासारखा एकच गोल दिवा, आणि ताल एकच. नारिंगी असेल तर क्षार साचलाय, औषधाचं पाणी घालून धुऊन काढा. लाल असेल तर झडप अडकून आत वाफ कोंडलीये, बटण बंद करा, अर्धा तास झाकणाची दांडी उचलू नका. मालकांनी टेबलाशी उभं राहून हे वाचून दाखवलं आणि म्हणाले, आता तर शेंबड्या पोरालाही कळेल. कानसेनने मान डोलावली. घरी मात्र त्या दिवशी तो जेवला नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, सांगून टाकतो मालकांना. ती म्हणाली, सांगाच. त्याने सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकलत गेला, आणि चिठ्ठीतल्या शेवटच्या रकान्याच्या भरवशावर सहा महिने निभावलेही.

सातव्या महिन्यात सिस्टरचा फोन आला. सिस्टर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या नर्स. नोकरी सुटून वीस वर्षं झाली होती, पण गल्लीत कुणाचं बोट कापलं तरी त्यांच्याच दारात जाई. मोतीबिंदूने नजर धूसर झाली होती. ताईंनी रंग विचारला तर म्हणाल्या, मला मेलीला सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं, त्यालाच पाठव. ताईंनी रकाना कोरा सोडला आणि चिठ्ठी कानसेनच्या हातात देत म्हणाल्या, रंगाचं तुम्हीच बघा दादा, आणि फोन करा, म्हणजे मी इथल्या प्रतीवर लिहीन.

सिस्टरच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली ते मशीन होतं, कडं लुकलुकत होतं. कानसेनने सवयीने म्हटलं, सिस्टर, तुम्हीच सांगा ना. त्या हसल्या. म्हणाल्या, आंधळ्याला विचारतोस होय रे, बाळा?

तिथे तो क्षणभर थांबला. बटण बंद करून अर्धा तास बसला असता तर काही बिघडलं नसतं. पण अर्धा तास का, असं त्या विचारणार, आणि मग रंगाचं सांगावं लागणार. त्याने कान लावला. आत बारीक, चढा सूर होता: घीऽऽऽ. क्षारच, तो मनाशी म्हणाला. दुकानात फोन लावून ताईंना सांगितलं, नारिंगी. ताईंनी लिहिलं. सिस्टर हौसेने भांडं घेऊन मशीनच्या तोंडाशी धरून उभ्या राहिल्या, आणि कानसेनने दांडी उचलली.

तो सूर क्षाराचा नव्हता, कोंडलेल्या वाफेचा होता. दोन्ही इतके सारखे वाजतात हे त्याला त्या दिवशी कळलं.

उकळतं पाणी सिस्टरच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. ओरडला तो कानसेनच. त्या नुसत्या दात आवळून म्हणाल्या, नळ सोड, आणि घड्याळ बघ, वीस मिनिटं. हात धारेखाली धरूनच त्यांनी त्याला मागच्या खोलीत पिटाळलं: कपाटाच्या खणात पट्ट्यांचा लाल डबा आहे, तो आण. खणात एकाच मापाचे पाच डबे होते. कानसेन त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग खणच ओढून काढला आणि तसाच उचलून स्वयंपाकघरात आणला.

सिस्टरने एकदा खणाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि डाव्या हाताने चाचपून आपणच डबा काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा ते मशीन घेऊन दुकानात आला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याने शांतपणे मशीन काउंटरवर ठेवलं, वायर लावली, आणि कडं लुकलुकायला लागल्यावर म्हणाला, हा रंग कुठला ते कुणी सांगेल का मला? त्याच्या आईची कातडी ऐंशी वर्षांची होती, हाताला पट्टी बदलताना पट्टीबरोबर निघत होती. तो गेल्यावर मालकांनी दुकानातली प्रत काढली. शेवटच्या रकान्यात ताईंच्या अक्षरात, नारिंगी.

ताई म्हणाल्या, मी कोरा सोडला होता, दादांनी तिथून फोनवर सांगितलं. मालकांनी कानसेनकडे बघितलं. ताईंनी याआधी दोनदा पत्ते चुकवले होते, एकदा तर फ्रिजवाल्याची तक्रार कॉफीत घुसडली होती. हे मालकांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. म्हणाले, अहो, लाल आणि नारिंगी आंधळ्यालाही कळतं. यांनी सोळा वर्षांत चूक केली नाही. तुम्ही सांगा कानसेन, रंग आधीच लिहिलेला होता की नव्हता?

चाळीस माणसं पुन्हा कानसेनच्या भोवती उभी राहिली.

"होता," तो म्हणाला. "चिठ्ठी बघूनच गेलो मी." त्याच्या खिशातली कोरी प्रत कुणी मागितली नाही.

ताईंच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. त्यांच्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या होत्या, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, कानसेनला तर जास्तच, कारण त्यांची सगळी रडगाणी सोळा वर्षं त्याच्याच कानावर पडत आली होती. मालकांनी त्यांना शनिवारपर्यंत या, पुढे येऊ नका, म्हणून सांगितलं.

दोन दिवस ताई चिठ्ठ्या फाडत राहिल्या. फोनवर तेच प्रश्न, पण आवाज ओल्या फटाक्यासारखा. कानसेनशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्याने घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे काढून ठेवले नाहीत.

शुक्रवारी तो हॉस्पिटलात गेला; हात चिघळला म्हणून सिस्टरला तिथे ठेवलं होतं. सिस्टरचा हात उशीवर ठेवलेला होता, ताप चढला होता, आणि तरी त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला पट्टी कशी सैल बांधलीये ते सुनावत होत्या. त्याला बघून त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. तो बसला.

"चाळीस वर्षं नोकरी केली मी," त्या म्हणाल्या. "घाबरलेला माणूस चुकीचा डबा आणतो. अख्खा खण नाही आणत. कुठले रंग दिसत नाहीत तुला?"

"तीन," तो म्हणाला.

मग तो बोलत सुटला. वायरी, मोजे, कडं, आणि शेवटी चिठ्ठी. चिठ्ठीचं ऐकताना सिस्टरने तोंड भिंतीकडे वळवलं. मग भिंतीकडेच बघत बोलल्या.

"माझ्या हाताचं मी सोडून देईन रे. या वयात तेवढंच काम उरतं. पण त्या बाईच्या वतीने मला काही सोडता येत नाही. जा आता, मला थंडी वाजतेय."

शनिवारी दुकान उघडायच्या वेळी कानसेन दारात उभा होता. शर्ट आपला आपण निवडलेला. ताई आल्या, मालक आले. त्याने उभ्याउभ्या सांगून टाकलं, की रंग त्याने सांगितला होता, चिठ्ठी कोरी होती, आणि त्याला रंग कळतच नाहीत.

मालकांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, ताईंची दया येऊन हा गळ्यात धोंड बांधून घेतोय. म्हणाले, पुरे हे नाटक. त्यांनी दुरुस्तीला आलेली नव्या मॉडेलची दोन मशीनं टेबलावर ओळीने मांडली, सिस्टरचं तिसरं, आणि तिन्हींच्या वायरी लावल्या. तीन कडी लुकलुकायला लागली. कानसेन पुढे झाला, आणि हाडात मुरलेल्या सवयीने त्याचा कान पहिल्या मशीनकडे झुकला.

"कान नाही," मालक म्हणाले. "डोळे."

तो सरळ झाला. तिन्हींकडे बघितलं. एकदा ओठ हलले, बहुतेक नेम धरून काहीतरी फेकावं असं वाटलं असेल. मग म्हणाला, नाही कळत.

मालकांनी तिन्ही वायरी काढल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, सोळा वर्षं तुम्ही लोकांच्या स्वयंपाकघरात असेच जात होता? ताई राहतील, कानसेन जातील, हे ठरायला कपभर कॉफी निघायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

त्याने आपले पेचकस पुसून फडक्यात गुंडाळले. लाल वायर ओळखायला एक गाठ आणि हिरवीला दोन गाठी मारलेले तुकडे खणात होते, ते कचऱ्याच्या डब्यात टाकले. काउंटरपाशी आला तेव्हा ताई कुणाशी तरी फोनवर होत्या. त्यांनी फोन ठेवला. तो म्हणाला, ताई, चुकलं माझं.

"सगळ्यांसमोर माझ्याकडे बघत बोललात तुम्ही, दादा," त्या म्हणाल्या. "माझा चेहरा कसा झाला होता तो तरी दिसला होता ना? त्याला काही रंग ओळखावा लागत नाही."

दिसला होता, म्हणाला तो.

ताईंनी ती चिठ्ठी काढून त्याच्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं. कानसेनने शेवटच्या रकान्यातलं 'नारिंगी' खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'दिसला नाही'. खाली सही म्हणून आपलं पूर्ण नाव घातलं. ताईंना ते दोनदा वाचावं लागलं. त्या नावाचं कुणी तिथे काम करतं, हे सोळा वर्षांत दुकानात कुणाच्या ध्यानात नव्हतं.

सिस्टरचं मशीन न्यायला पुढे कुणी आलं नाही. हाताची बोटं आखडल्यावर मुलाने त्यांना आपल्याकडे नेलं. ते मशीन वरच्या फळीवर पडून राहिलं, आणि दांडीला ताईंनी ती चिठ्ठी बांधून ठेवली.