शिवलेल्या पदराची ओटी

देवांचे फोटो आमच्या देवघरात असतात आणि फॅशन डिझायनरांचे माझ्या फोनमध्ये. भक्तीत मी दुजाभाव करत नाही. कुकर लावला की मी ओट्याला टेकून परदेशातले रॅम्प बघते, आणि भाजी करपली की दोष गॅसला देते. श्वास कोंडणाऱ्या कपड्यांतून बायकांना सुटसुटीत झग्यात आणणारी ती फ्रेंच बाई, बायकांच्या विजारीला प्रतिष्ठा मिळवून देणारा तो भिडस्त गृहस्थ, आणि साडीला चेन लावून ती दोन मिनिटांत अंगावर चढेल अशी सोय करणारी आपल्याकडची मंडळी, या सगळ्यांची चरित्रं मला माझ्या चुलत-मावस भावंडांपेक्षा जास्त पाठ आहेत. "या लोकांनी बाईला मोकळं केलं!" हे माझं वाक्य आमच्या मुलुंडच्या सोसायटीत इतकं गाजलंय, की हल्ली मी लिफ्टमध्ये शिरले की शेजारणी जिन्याने जातात. तब्येतीला बरं म्हणे.

तर अशा विदुषीवर सुनेचं डोहाळजेवण करायची वेळ आली.

सून मरोळला नोकरीला. सातवा महिना, पाय सुजलेले. तिची मागणी एकच होती. "आई, मला बसता आलं आणि श्वास घेता आला ना, की बास."

"अगं, त्याच्यासाठीच तर डिझायनर असतात!" मी म्हटलं.

मालाडच्या एका बुटिकमध्ये मी फोनमधला फोटो दाखवला. तिथली मुलगी मला मॅम म्हणाली, तिथेच मी विरघळले. हिरवी, आयती शिवलेली साडी. निऱ्या शिवलेल्या, मागे चेन, पोटाला इलास्टिक. पदर जाळीचा, त्यावर सोनेरी टिकल्या, बारीक चुण्या घालून खांद्यावरून मागे नेलेला आणि कमरेच्या पट्ट्यात कायमचा शिवून टाकलेला. "पदर सांभाळायची कटकटच नाही मॅम." मी आग्रहाने एक खिसा लावून घेतला. बायकांच्या कपड्यांना खिसा देणाऱ्याला मी संतांच्या रांगेत बसवते. शिवाय सासू-सुनांनी सारखं दिसायचं अशी सध्या पद्धत आहे, म्हणून तस्सीच दुसरी मलाही शिवली.

"तुझ्याही पोटाला इलास्टिक?" नवऱ्याने विचारलं. "दोघींत डोहाळे कोणाला लागलेत ते कळायला काहीतरी खूण ठेवा म्हणजे झालं."

या सगळ्यात मी ज्यांचा विचार केला नव्हता, त्या म्हणजे सुनेची आजी. गिरणीच्या काळात मालवणकडून आलेल्या, आता घाटकोपरला मुलाकडे असतात. मुंबईत जन्म गेला पण भाषा गावचीच राहिली. नातीच्या लग्नात नेमक्या खुब्याचं हाड मोडून हॉस्पिटलात पडलेल्या. नात सासरी निघाली तेव्हा सगळ्यांनी तिची ओटी भरली, आजीची तेवढी राहिली. तेव्हापासून फोनवर कोणीही असो, त्यांचं एकच पालुपद. "माका नातीची ओटी भरूची आसा." डॉक्टर जिने चढू नका म्हणाले होते. त्या दिवशी दोन नातवांनी खुर्चीसकट उचलून त्यांना आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आणलं. मांडीवर पिशवी, पिशवीत गावच्या माडाचा नारळ. तो त्यांनी कोणाच्या हाती दिला नाही.

पहिला मान अर्थात त्यांचा. फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर सून बसलेली. आजी काठी टेकत पुढे आल्या, कुंकू लावलं, ओंजळीत तांदूळ घेतले.

"पदर पसर गो बाय."

सुनेचा हात सवयीने खांद्याकडे गेला. पदर हलेना. तिने ओढला, तर कमरपट्टाच वर आला.

"पदर खंय आसा?"

"आजी, तो... शिवलेला आहे."

"शिवलेलो? कोणी?"

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी घसा साफ केला. "म्हणजे कसं आहे आजी, सांभाळायला लागू नये ना, म्हणून मागे..."

"आणि ओटी खंय घेवची? पाठीर?"

मला एकदम उमगलं. तो फोटो मी हजारदा मोठा करून पाहिला होता, पण रॅम्पवर चालणाऱ्या बायांची ओटी कोणी भरत नाही.

मग सूचनांना ऊत आला. माझी नणंद म्हणाली, "ताटात घ्या ना, हल्ली चालतं." आजी म्हणाल्या, "ताटात भात वाढतत." मी म्हटलं, "खिसा आहे की!" सगळ्यांनी आधी नारळ पाहिला, मग खिसा. खिसा मोबाईलच्या मापाचा. "मग माझा पदर घ्या," म्हणून मी मागे हात घातला आणि शेपटी पकडू बघणाऱ्या कुत्र्यासारखी स्वतःभोवती फिरले. माझाही शिवलेलाच होता.

आजी तांदळाची ओंजळ खाली करायला तयार नव्हत्या. "राहू दे गं आजी, तू नुसता डोक्यावर हात ठेव," सून म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"नाय. माझी ओटी एकदा रवली."

मी सजावटीच्या टेबलावरची कात्री उचलली. सुनेच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि त्या देखण्या शिवणीवर कात्री चालवली. पदर सुटला. सुनेने तो दोन्ही हातांत पसरला, आजींनी समाधानाने ओंजळ रिकामी केली.

तांदूळ जाळीतून सरळ जमिनीवर. सोबत दहाबारा टिकल्या.

कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा माझा नवरा.

आजींनी जमिनीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सर गो वायच." झोपाळ्याची कडी धरून, कण्हत, त्या नातीला खेटून बसल्या. स्वतःच्या मऊ सुती साडीचा पदर खांद्यावरून काढून तो नातीच्या मांडीवर पसरला. "धर घट." आणि बसल्या बसल्या, वाकून, त्यांनी नातीची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, शेवटी तो नारळ. पदर आजीचा, मांडी नातीची. नंतर आम्ही सगळ्यांनी त्याच पदरात ओटी भरली, आणि तो इतका जड झाला की दोघींपैकी एकीलाही उठता येईना. मग ताटं झोपाळ्यावरच नेली.

वाढताना सून माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "आई, मागची चेन जरा खाली करा ना प्लीज. मगासपासून श्वास घेता येत नाहीये."

मी चेन उघडली, कापलेल्या पदराने पाठ झाकली. तिने एवढा मोठा श्वास घेतला की झोपाळा हलला. इतकी वर्षं घोकत होते, त्या दिवशी खरोखरच एका बाईला मोकळं केलं. कात्री आणि चेन, एवढंच लागलं.

ओटीचे तांदूळ टाकायचे नसतात. जमिनीवरचेही मीच वेचून, धुऊन घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या तांदळाची खीर झाली. नवऱ्याने दाढेखालून एक सोनेरी टिकली काढून वाटीच्या कडेला ठेवली. "डिझायनर खीर," म्हणाला.

सून फोन स्पीकरवर टाकून आजीशी बोलत होती. "आजी, तुझ्या ओटीची खीर केली गं. दोन वाट्या खाल्ली."

"बरा केलंस. आणि त्या जाळयेचा काय केलात?"

"आई बाळासाठी मच्छरदाणी करतायत," सुनेने ठोकून दिलं.

पलीकडे आजी खोकला येईपर्यंत हसल्या. मी असलं काही म्हटलेलंच नव्हतं. पण कल्पना वाईट नव्हती. टिकल्या तेवढ्या आधी उसवायला हव्यात.