तळहाताने निवडलेल्या ताती

हैबतराव माने, म्हणजे आपले अण्णा, यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या गौरवग्रंथात चार ओळी लिहिण्याचा मान मला मिळाला, हे माझे भाग्य. मी शाळेत फारसा रमलो नाही. सांगलीत बाजाच्या पेट्या दुरुस्त करता करता कानावर पडले, तेवढीच माझी विद्या. तेव्हा भाषा कुठे घसरली तर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

अण्णांची नि माझी पहिली गाठ पडली ती लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात. दुकानापुढे बैलगाडी थांबली. गाडीत घोंगडीत गुंडाळलेले, माणसापेक्षा लांब असे काहीतरी आडवे होते, आणि खाकी कोटातले अण्णा त्याला धरून बसले होते. मी लगबगीने बाहेर आलो. मी म्हणालो, “दवाखाना पुढच्या चौकात आहे.”

“दवाखान्याचंच काम हाय,” अण्णा म्हणाले, “पर डाक्तर तुमी.”

घोंगडी सोडली तर आत डबल बेस! सारंगीचा पणजोबा शोभेल असे ते विलायती वाद्य अण्णांनी लष्करी छावणीच्या लिलावात घेतले होते. अंगावर धड तार एकही नव्हती, होत्या त्या गंजलेल्या.

अण्णा मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीच्या बँडात ते क्लॅरिनेट वाजवत, आणि शेजारी शिराळ्याकडचा मारुती डबल बेस वाजवी. मुक्काम हलला की दोघे मिळून ते धूड उचलत. मारुती इटलीतून परतला नाही. अण्णा त्याच्या घरी भेटायला गेले, तेव्हा मारुतीच्या वडिलांनी, तात्यांनी, एकच मागणे मागितले: “माझं पोरगं तिकडं काय वाजवत हुतं, ते मला एकदा कळू दे.” आणि तात्यांचे कान तर साफ गेलेले! तशात म्हातारा थकत चाललेला. “उद्या-परवा करत बसलो तर राहून जाईल,” अण्णा म्हणाले.

लढाईमुळे विलायती तारा मुंबईतसुद्धा मिळत नव्हत्या. म्हणून आम्ही मिरजेला तंबोरे करणाऱ्या इस्माईलभाईंकडे गेलो. तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी घासून बसवायची आणि तूर्त पोलादी तारा चढवायच्या, असे ठरले. चार दिवसांनी पाहतो तो वाद्य आरशासारखे चकचकीत. पण गज फिरवला तर आवाज चिरका आणि पोकळ, आणि घोडीखालचे लाकूड दबू लागलेले. अण्णांनी भोकातून आत डोकावून पाहिले.

“इस्माईलभाई, आत एक दांडी उभी हुती, ती कुठाय?”

“हां, ती? तारा नि घोडी उतरवली तर आपोआप पडली. म्हटलं, कुणा सुताराची आत राहिली आसंल. काढून टाकली,” इस्माईलभाई कौतुकाने म्हणाले. ती दांडी त्यांच्या सरसाच्या भांड्यात होती. तिनेच ते सरस ढवळत होते!

मी कपाळाला हात लावला. पण तंबोऱ्याच्या पोटात खांब नसतोच, तर त्यांनी तो ओळखावा कसा? अण्णा खो-खो हसले. “आवं, त्यो ह्येच्या घराचा मधला खांब हाय. तारांचा भार त्योच तोलतो. आता तुमचा हात हलका, तुमीच उभा करा.” इस्माईलभाईंनी तारा सैल केल्या, दांडी धुऊन घेतली आणि वाकवलेल्या सळईने भोकातून ती जागेवर उभी केली. तोवर त्यांनी घोटभर पाणीही घेतले नाही.

अण्णांचे आपणा सर्वांना पाठ असलेले वाक्य त्या दिवशीचे आहे: “एका येळी एकच तार.” एक उतरवायची, तिच्या जागी दुसरी चढवायची, मगच पुढचीला हात लावायचा, म्हणजे खांब ढळत नाही. पुढे साताऱ्यात अण्णांनी वाद्यमेळा उभा केला. एकदा दोन वादकांचे बिनसले, तेव्हा तरुण मंडळी म्हणाली, सगळेच नवे घेऊ. तेव्हाही अण्णांनी हेच वाक्य ऐकवले आणि एकेकाला घरी जेवायला बोलावून मेळा सावरला.

तर पोलादी तारा लागल्या, पण अण्णांचे समाधान होईना. इस्माईलभाईच म्हणाले, “तात पायजे, तात. आष्ट्याला पिंजाऱ्याकडं जावा.” कापूस पिंजायच्या धनुकलीला बकऱ्याच्या आतड्याची तात असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आष्ट्याच्या बाबालाल पिंजाऱ्याने वाद्याला एक फेरी घातली आणि म्हणाला, “एवढ्या पिंजणीवर काय आख्ख्या तालुक्याच्या गाद्या भरताय व्हय?” पण नंतर हातचे काम टाकून ताती पिळायला तोच बसला. कुठे दोन पदर, कुठे तीन. सर्वांत खालच्या सुराच्या तातीवर मी तांब्याची बारीक तार गुंडाळली. घोडीच्या खाचांत शिसपेन्सिल घासली, म्हणजे तात अलगद सरकते, कुरतडली जात नाही.

मग अण्णांनी पिंजलेल्या कापसाचे दोन बोळे घेऊन कानांत घातले, वरून मफलर आवळला आणि लाकडावर तळहात टेकवून मला गज ओढायला सांगितले. पोलादी तारेला त्यांनी नकारार्थी मान हलवली. “कानाला लय लागत आसंल, पर हाताला लागत न्हाई.” एक तात फार जाड निघाली, ढिम्म हलेना. दुसरी हडकुळी. बाबालालने पुन्हा पीळ दिला. असे होता होता एका तातीला अण्णांनी डोळे मिटले, ते उघडेनात.

“आवं पावणं, झोप लागली काय?” बाबालाल ओरडला. अण्णांना ते ऐकू गेले नाही. त्यांच्या डोळ्यांना पाणी होते. ती तात राहिली. मग बाकीच्या तीन, एका वेळी एकच.

नवी तात रोज सकाळी सुरातून उतरलेली असते. ती ताणायची, गोडेतेलाचा हात फिरवायचा, पुढे झुकलेली घोडी सरळ करायची. आठवडाभर हे सोपस्कार झाल्यावर आम्ही शिराळ्याची वाट धरली.

तात्या ओट्यावर बसले होते. अण्णांनी त्यांचा हात धरून लाकडावर टेकवला आणि अण्णा स्वतः वाजवू लागले. गाणे नव्हे, बँडात मारुती जे वाजवायचा तेच, गाण्याखालची संथ पावले. नुसत्या या ठोक्यांतून म्हाताऱ्याला काय कळणार? तात्यांनी तळहात लाकडावर इकडून तिकडे सरकवून पाहिला. मग ते एकदम बोलले.

“आरं, ह्यो तर मोटंचा नाडा! भरली मोट विहिरीतनं वर येताना नाडा असाच थरारतो. माझा मारुती नाड्यावर बसूनच मोट हाकायचा.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “लय जड हुतं का रं त्येला उचलाया?”

ऐकू येणार नाही म्हणून अण्णांनी दोन बोटे दाखवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दोघं. तात्यांनी मान डोलावली. “मग बरं हाय,” ते म्हणाले. हात मात्र त्यांनी दिवेलागणीपर्यंत काढला नाही.

अण्णांचे शिष्य आज गावोगाव आहेत. त्यांच्या कलेविषयी जाणकार लिहितीलच. मला त्यांच्याकडून कळले ते एवढेच, की वाद्य कुणासाठी वाजवायचे ते आधी ठरवावे, तात मग निवडावी.

आता अण्णांनाच कमी ऐकू येते. गेल्या महिन्यात साताऱ्याला त्यांच्या घरी मी त्याच वाद्याच्या ताती बदलल्या, अर्थात एका वेळी एकच. अण्णा खुर्ची ओढून जवळ बसले, तळहात लाकडाला लावला आणि म्हणाले, “तिसरी जरा उतरलीया, गड्या.” खरेच उतरली होती!

अण्णा, परमेश्वर आपणांस उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती देवो. दर हिवाळ्यात ताती बदलायला मी येईन. आपण खुर्ची ओढून, तळहात लावून बसलेले असावे, एवढेच मागणे आहे.