काळीच्या पोटची पांढरी पिल्लं

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी बहीण पुण्याच्या एका कॉलेजात सशांवर संशोधन करत होती. एका मादीची फळलेली बीजं काढून दुसरीच्या पोटात ठेवायची आणि तिथं पिल्लं वाढवायची, हा तिचा विषय. तिच्या सरांचा त्यावर विश्वास नव्हता. "पिल्लं डोळ्यांनी पाहीन तेव्हा मानीन. या खेपेला नाही जमलं तर विषय बदल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आधीची खेप आमच्या नांद्याच्या घरी बुडाली होती. कॉलेजात सशांच्या खोलीला लागून सुतारशाळा, दिवसभर ठोकाठोक. म्हणून गाभण मादी टोपलीत घालून ती एसटीने गावी आणायची. मादी व्याली तेव्हा निम्मी आळी पडवीत येऊन पेटीत डोकावून गेली. दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी. बुजलेल्या मादीने पिल्लं खाऊन टाकली होती.

दुसऱ्या खेपेला मी रजा काढून कॉलेजात गेलो. बहिणीने पांढऱ्या मादीला भूल दिली, बीजवाहक नळ्यांतून कोमट मिठाचं पाणी सोडलं आणि ते काचेच्या वाटीत धरलं. सूक्ष्मदर्शकातून मीही पाहिलं. काचेच्या मण्यासारखं गोल कवच आणि आत दाणेदार ठिपका. अशी आठ मिळाली. त्यातली चांगली सहा तिने काळ्या मादीत ठेवली.

यातला हिशेब मला लगेच पटला. बीजं पांढऱ्या जोडीची, त्यामुळे पिल्लं पांढरीच. काळी मात्र अस्सल काळ्या वंशातली. नर कुठलाही असता तरी तिची स्वतःची पिल्लं काळीच झाली असती. पांढरं पिल्लू निघालं की वाद मिटला.

काळीलाही आम्ही गावी आणलं. महिन्याने तिने पोटाचे केस उपटून पेटीत अंथरले, तशी आईने पडवीची सूत्रं हातात घेतली. दाराला घोंगडी लावली आणि उंबऱ्यातच बसली.

"बाळंतीण हाय. पाचवी झाल्याबिगर आत कुणी जायाचं न्हाई."

"अगं, ससा आहे तो," मी म्हणालो.

"मंग? मागल्या येळी पेटीत मुंडकी घातलीसा, काय उरलं?"

 काळीला गवत-पाणी आई एकटीच द्यायची.

पाचवीच्या आदल्या दिवशी सर आले. ओट्यावर चहा झाला आणि ते उठून पडवीकडे निघाले. आई जागची हलली नाही.

"मास्तर, बाळंतिणीच्या खोलीत पुरुष मानसं जात न्हाईत."

"आजी, मी पुण्याहून तेवढ्यासाठीच आलोय."

"आलासा ते बरं केलंत. उद्या पाचवी हाय, ऱ्हावा."

सरांनी घड्याळ पाहिलं. बहिणीचा चेहरा उतरला. सर आत्ता परत गेले असते तर तिची दोन वर्षं पाण्यात गेली असती. आईने एकवार तिच्याकडे पाहिलं, उठली, आत गेली आणि पिल्लांना माणसाचा वास लागू नये म्हणून पेटीतलं गवत तळहातांवर चोळलं. आली ती सूप घेऊन. आपल्याकडे नवं मूल सुपात घालतात, तसं तिने आणलं होतं. काळ्या केसांच्या गादीवर चार पिल्लं. नुकती लव फुटलेली, चारीच्या चारी पांढरीशुभ्र.

सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि यांची आई कोणती?"

आईने घोंगडी जराशी बाजूला सारली. आत केस उपटलेल्या पोटाची काळी मादी पाला कुरतडत होती.

सरांनी चष्मा चढवून उंबऱ्यातूनच वाकून पाहिलं. मग बहिणीला म्हणाले, "सोमवारपासून सुतारशाळा दुसरीकडे हलवायला सांगतो. ती खोली तुझी."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. आईने सूप आत नेलं आणि येताना वाटीत गूळ-खोबरं आणलं.

"हे कशाचं, आजी?" सरांनी विचारलं.

"आता काय इचारता? नातवंडं झाली मला."

सरांनी गूळ तोंडात टाकला. खोबरं त्यांनी रुमालात बांधून घेतलं, घरी बायकोला दाखवायला.