कौशल्याबाईंचे पाटील

अमरावतीच्या एका नामांकित महिला महाविद्यालयात कौशल्याबाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात. पगार त्याचा मिळतो. नाव मात्र दुसऱ्याच कामाचं आहे: स्नेहसंमेलनाच्या नाटकासाठी त्या मुलींचे पुरुष करतात.

मिशी कोणीही चिकटवील. कौशल्याबाई बसणं शिकवतात. लहानपणी त्या बडनेऱ्याच्या बाजारात आईबरोबर भाजी घेऊन जमिनीवर बसायच्या, त्यामुळे पुरुषजातीचा त्यांचा अभ्यास गुडघ्यापासून सुरू झाला. त्यातून निघालेला सिद्धांत त्या दरवर्षी ऐकवतात. “बाई खुर्चीवर बसते. माणूस बसला का खुर्ची त्याची होते. सातबारा निघाल्यावानी.”

यंदा कॉलेजने मुलांना प्रवेश दिला. हेतू उदात्त होता. शिवाय वर्ग रिकामे होते. याच संस्थेच्या अकोल्यातल्या मुलांच्या कॉलेजात साठेक वर्षांपूर्वी मुली आल्या, तेव्हा त्या लेडीज रूममध्ये थांबत, प्राध्यापकांच्या मागून रांगेने वर्गात शिरत आणि त्यांच्याच मागून बाहेर पडत. अमरावतीत मुलांसाठी असा नियम करावा लागला नाही. सहाशे मुलींत ती पाच जणं. आठवड्याभरात आपणहूनच कोपरं आवरून मागच्या बाकावर बसू लागली.

मग नाटक आलं. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, “पुरुष उपलब्ध असताना मुलींना मिशा लावणं बरं दिसत नाही.” पाटलाचं मुख्य काम त्या पाचांतल्या दर्यापूरच्या गोपालला गेलं.

हे काम आरतीचं होतं. पहिल्या वर्षी ती शिपाई झाली, दुसऱ्या वर्षी तलाठी. यंदा तिसरं आणि शेवटचं वर्ष, म्हणजे पाटील. कौशल्याबाईंनी तसा शब्दच दिला होता. आता तिच्या वाट्याला पाटलीण आली.

“मावशी, दोन वर्षं काय पदर घ्याले मिशी खाजवली का मी?”

“मले नोको सांगू. मॅडमले सांग.”

“सांगतलं. त्या म्हणते, पाटलीणही महत्त्वाची असते.”

“किती वाक्यं हायेत तिले?”

“दोन. एक तर ‘अहो’च हाये.”

गोपालला शिकवायचं मॅडमनी कौशल्याबाईंना सांगितलं होतं आणि हाती घेतलेलं भांडं अर्धवट धुण्याची त्यांना सवय नाही. मन आरतीकडे असूनही त्यांनी गोपालला मनापासून शिकवलं. तो चार बहिणींचा धाकटा भाऊ. खुर्चीच्या कडेवर टेकला.

“अरे बापा, पाटील होय तू. सोयरीक मागाले आल्यावानी काहून बसून राहिला?”

“मी इथं असाच बसतो, मावशी. कोणाले धक्का नाई लागला पायजे.”

“पाय पसर.”

त्याने पसरले. ते शेजारी उभ्या आरतीला लागले. “सॉरी,” तो म्हणाला.

“पाटील सॉरी म्हणते का रे?”

“नाई म्हणत.”

“मंग?”

“मी म्हणतो ना पण.”

रोज हेच. शेवटी गोपालच मॅडमकडे गेला. “मॅडम, मले पडदा ओढाले द्या. मनापासून ओढीन.” सोबत कौशल्याबाई होत्या. “पोट्टा सोन्यासारखा हाये, मॅडम,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच जमून नाई राहिलं.”

“पण पुरुष उपलब्ध असताना...”

“पुरुष उपलब्ध हायेत. पाटील नाई.”

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. संमेलन तोंडावर आलं होतं. मिशी आरतीकडे परत आली आणि पाटलिणीची दोन वाक्यं प्रथम वर्षाच्या एका मुलीने आनंदाने घेतली.

प्रयोगाला संस्थेचे अध्यक्ष वामनराव आले आणि तिघांच्या सोफ्यावर एकटे बसले. पडदा सुरेख उघडला. आरती आली, पाय पसरून बसली, मिशीवरून बोट फिरवलं आणि पुढचा अर्धा तास गावात कोणाचं काही चाललं नाही.

नाटक संपल्यावर वामनराव रंगमंचामागे आले. आरती फेट्या-मिशीसकट उभी होती. त्यांनी तिची पाठ थोपटली.

“शाब्बास, बेटा.” मग मॅडमकडे वळले. “पाहा मॅडम, मुलं घेण्याचा आपला निर्णय योग्यच होता. रुबाब पाहिला का याचा? हे शिकवून येत नाही, रक्तातच असावं लागतं.”

आरतीने खाली पाहिलं. मॅडमना खोकला आला.

“पुढच्या वर्षी असे आणखी घ्या.”

“घेऊ ना, साहेब,” कौशल्याबाई म्हणाल्या. “लय हायेत आपल्याकडे.”