बेडकाची बाजू

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नवीन असताना मी रविवारी कार बूट सेलला जायचो, म्हणजे लोक घरातल्या जुन्या वस्तू गाडीतून आणून विकतात त्या बाजाराला. तिथे एक म्हातारे गृहस्थ टेबल मांडून जुन्या बशा विकत. बशांच्या मधोमध मात्र लोखंडाची एक गोल चकती ठेवलेली असे. जपानी तलवारीच्या मुठीपुढे बसवतात ती. तिच्यावर तांब्याचं गवत, चांदीचे दवबिंदू आणि सोन्याचा इवलासा चंद्र जडवलेला होता.

"ही बाजू तलवारवाल्याची," ते मला हळूच म्हणाले. "आता समोरच्याला काय दिसायचं ते बघा."

त्यांनी दोन बोटांनी चकती उलटली. मागे पितळेचा बेडूक ढुंगण वर करून पाठमोरा बसला होता. मी खो खो हसलो.

"मरताना माणसाला निदान हसू यावं," ते गंभीरपणे म्हणाले.

मला ती चकती हवीच होती. किंमत विचारताच त्यांनी ती रुमालात गुंडाळली.

"ही विकली तर तुमच्यासारखे लोक थांबतील कशाला?" असं म्हणत त्यांनी सहा बशा कागदात बांधल्या आणि मीही त्या मुकाट्याने घेतल्या.

पुढच्या रविवारी मी मित्राला तिथे नेलं. म्हाताऱ्यांनी मला ओळख दाखवली नाही. चकती उलटताना फक्त डोळा मिचकावला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मित्राने आठ बशा घेतल्या.