गूळ कमी पडला त्या दिवशी

कुठल्याही खोलीत शिरताना मी आधी खुर्च्या बघते. हात असलेल्या खुर्च्या असतील तर उभी राहते आणि कोणी बसायला सांगितलं तर ‘आत्ताच बसून उठले’ असं सांगते. बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, आणि ती भरली की बसणारा माणूस एक पाय बाहेर ठेवूनच बसतो, हेही मला ठाऊक आहे. लोकांना वाटतं अशा मुलीला काही कळत नसेल. उलट तिला सगळंच दिसत असतं. ती फक्त बोलत नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मी नाशकात एका ऑफिसात टायपिस्ट होते तेव्हाची. जिना चढला की श्वास लागायचा, गुडघे रात्रभर ठणकायचे, आणि त्या वर्षी रक्तात साखरही निघाली. बाबांना कोणीतरी मुंबईच्या एका सर्जनचं नाव सांगितलं. ते अमेरिकेत शिकून आले होते आणि वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करत. पोटाचा मोठा भाग टाके घालून बंद करायचा, म्हणजे चार घासांत पोट भरतं. आपल्याकडे तेव्हा हे फार थोड्यांनी करून घेतलं होतं. डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, “फायदा होईल. धोकाही आहे. आणि जन्मभर मोजकं, जपून खावं लागेल. विचार करा आणि कळवा.” हे सगळं ते बाबांकडे बघून बोलले. मी दोघांच्या मधे, हात असलेल्या खुर्चीत कशीबशी बसले होते.

परत आल्यावर घरात बोलणं सुरू झालं. पुण्याच्या एका स्थळाकडून निरोप आला होता, ‘मुलगी पसंत आहे, ऑपरेशन झालं की पुढचं ठरवू.’ त्यामुळे बाबा करायचंच म्हणत होते. आई घाबरली होती. मी काय म्हणते हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. माझी शाळा कॉन्व्हेंटची. सकाळी तिथली प्रार्थना इंग्रजीत, संध्याकाळी घरी आरती मराठीत. दोन्ही तोंडपाठ होत्या. पण देवाजवळ स्वतःचं काही मागायची वेळ आली की मला कुठल्याच भाषेत शब्द सापडत नसत. मी डोळे मिटून नुसती बसत असे, आणि थोड्या वेळानं ऑफिसचा विचार करू लागत असे.

अशात एक दिवस आईला तिचा जुना नवस आठवला. मी दिवस भरायच्या आधी जन्मले. इतकी लहान की मला कापसात गुंडाळून ठेवलं होतं. तेव्हा आईनं तिच्या माहेरच्या, सायखेड्याच्या नदीकाठच्या देवीला नवस बोलला होता, पोर जगली तर तिच्या वजनाइतका गूळ वाहीन. मी जगले. पण आधी जावळ होऊ दे, मग बाबांची बदली, मग माझी शाळा, असं करत तो नवस फेडायचा राहूनच गेला. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, “एका ढेपेचंसुद्धा काम नव्हतं गं तेव्हा. माझ्या हातून राहिलं, म्हणून देवीनं तुला वाढवत नेलं.” तिला खरंच तसं वाटत होतं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. इतकी वर्षं माझ्या शरीराचा दोष ती स्वतःकडे घेऊन बसली होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मुंबईला जायच्या आधी माझी गुळाची तुला करायचं ठरलं. चारचौघांत तराजूत बसायचं, या विचारानं मला जेवण जाईना. पण आईला नाही म्हणणं जमलं नाही. सायखेड्याला जाताना बसमध्ये मी मनाशी एक खूण धरली. कोणाला सांगितली नाही. गूळ पुरला आणि पारडं उचललं तर ऑपरेशन नको. कमी पडला तर जायचं. देवीनं एकदा हो की नाही सांगावं, म्हणजे मी सुटले.

सायखेड्याला राहणारी मावशी घराच्या ओट्यावरच उभी होती. “आली का माझी बाय! बस, चहा टाकते. त्यात साखर घालनार हाय बरं, तुझं ते नाशिकचं डायट-बियट इथं चालायचं नाय.” मी हसले. तिच्या ओट्यावर गोणपाटावर गुळाच्या ढेपा रचून ठेवल्या होत्या. मी त्या मनातल्या मनात मोजल्या. गूळ कमी होता. थोडा नाही, बराच. माझं वजन किती हे मला विचारायला घरात कोणाची जीभ उचलली नव्हती. गूळ आणवताना मावशीनं आईला विचारलं होतं, आणि आईनं आपल्या मायेच्या अंदाजानं सांगून टाकलं. आता मी ‘कमी पडेल’ म्हणायचं तर खरा आकडा सांगावा लागणार होता. मी नुसता चहा प्यायले. खुणेचं उत्तर तर आलंच होतं, आता फक्त चारचौघांसमोर ऐकायचं बाकी होतं.

देवळासमोर तीन बल्ल्यांच्या तिवईला कांद्याच्या मार्केटातला मोठा तराजू टांगला होता. मंगळवार होता, माणसं बरीच होती. मी पारड्यात मांडी घालून बसले. दोर ताणले, लाकूड करकरलं. समोरच्या पारड्यात मावशीचा मुलगा एकेक ढेप ठेवू लागला. पुजारी मंत्र म्हणत होते. ढेपा संपल्या. माझं पारडं जमिनीवरून हललंसुद्धा नाही.

मग मागून एका माणसाचा आवाज आला, “आरं, गुऱ्हाळच उचलून आना की!” आणि हसू पसरलं. आईचा चेहरा पांढरा पडला. मावशी त्या दिशेला ओरडली, “तुझ्या तोंडाला कुलूप लाव मेल्या!” पुजारी हळूच म्हणाले, उरलेला गूळ दुकानातून मागवू, तोवर ताईंना उतरू द्या. पण अर्धी तुला सोडून उतरायचं नसतं, असं एक म्हातारी म्हणाली. मग मी तिथंच बसून राहिले. ऊन होतं. मी खाली बघत होते. इतकी माणसं भोवती असून आपण किती एकट्या असू शकतो, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात समोरच्या पारड्यात धप्पकन काहीतरी पडलं. मी वर बघितलं. एक काटकुळी बाई, डोक्यावरचं बाजरीचं गाठोडं तिनं गुळावर ठेवलं होतं. दळायला चालली असावी. मावशी गडबडीनं म्हणाली, “अगं बाई, तराजूत चढलं ते देवीचं होतं. माघारी न्यायचं नाय. तुझ्या घरचं दळन हाय ते.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, मोठ्यानं नाही, माझ्यापुरतंच म्हणाली, “मान वर कर माय. गूळ कमी पडला. तू काय जास्त न्हाईस.”

पारडं हललं, पण उचललं नाही. मग एकीनं आपल्या ओटीतला नारळ ठेवला. कोणी वांगी ठेवली, कोणी पेरू. म्हातारीनं नैवेद्याचं ताट ठेवलं आणि पुन्हा काढून नीट मधोमध ठेवलं. आणि मघाशी गुऱ्हाळाची थट्टा करणारा तो माणूस पुढं आला, कांद्याची पिशवी ठेवली आणि कोणाकडे न बघता मागं सरला. त्या पिशवीनं माझं पारडं जमिनीवरून सुटलं.

सगळ्या पोरांना लहानपणी कोणी ना कोणी उचलून घेतं. मलाही घेतलं असेल, पण मला आठवत नव्हतं. आठवतंय तेव्हापासून मी उचलण्याजोगी नव्हतेच. त्या दिवशी जमिनीपासून वीतभर वर, हळूहळू डोलत, मी बसले होते, आणि मला धरून ठेवणारं सगळं मला समोर दिसत होतं. बाजरी, वांगी, नारळ, कांदे. मी डोळे मिटले. काही मागितलं नाही. शब्द आठवले नाहीत, आणि त्यांची गरजही वाटली नाही. गाभाऱ्यातली देवी माझ्याकडे बघत होती की नाही मला सांगता येणार नाही. पण माझ्याकडे कोणीतरी बघत होतं, आणि त्या बघण्याची मला लाज वाटत नव्हती.

खाली उतरल्यावर मी त्या बाईला शोधलं. ती गेली होती. मावशीनं नंतर दोन्ही गिरण्यांवर विचारलं, शेजारच्या वस्तीवर विचारलं. कोणी तिला ओळखलं नाही. आसपासच्या एखाद्या गावची असेल. मी त्यावर जास्त बोलत नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं की खुणेचं उत्तर मिळालंच नव्हतं. गूळ कमी पडला होता आणि पारडंही उचललं होतं. देवीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पण माझा प्रश्न मात्र लहान झाला होता. इतके दिवस मला वाटत होतं, मी या जगात जास्त जागा घेते, म्हणून मला कापून कमी करायचं आहे. त्या विचारानं हो म्हणायची भीती वाटत होती आणि नाही म्हणायचीही. आता उरले होते फक्त गुडघे, श्वास आणि साखर. तेवढ्याचा निर्णय माणूस घेऊ शकतं.

आठवड्याभरानं मी बाबांना म्हटलं, मुंबईला पुन्हा जाऊ, पण डॉक्टरांशी मी बोलेन. बोलले. धोक्यापासून पथ्यापर्यंत सगळं विचारलं. आणि ऑपरेशन करून घेते म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं, “पुण्याच्यांना नाही कळवा.” बाबा चिडले. “मग हे सगळं कशासाठी?” मला जिना चढायचाय, मी म्हटलं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि देवापुढं दिवा लावायला आत गेली.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डच्या माणसांनी चादरीच्या चार कोपऱ्यांना धरून मला स्ट्रेचरवर घेतलं. “उचला,” त्यांच्यातला एक म्हणाला, आणि मी उचलली गेले. भीती होती. पण हाताखाली बाजरीच्या गाठोड्याचा खरखरीत स्पर्श असल्यासारखं वाटलं, आणि मी अंग सैल सोडलं. देवावर भार टाकणं म्हणजे निर्णयही त्याच्यावर टाकणं, असं मी समजत होते. तसं नसतं. ठरवायचं आपणच. मग अंग सैल सोडायचं.

पुढचं सोपं नव्हतं. बरीच वर्षं घास मोजत काढली, आणि एकटीनं काढली. खोलीत शिरताना खुर्च्यांकडे अजून आधी लक्ष जातं, ते ऑपरेशननं गेलं नाही. पण जिना मी चढते.

वर्षातून एकदा सायखेड्याला जाते. बाजरीचं गाठोडं स्वतः उचलून देवळाच्या पायरीवर ठेवते. एकदा नव्या पुजाऱ्यांनी विचारलं, “नवस कसला होता, ताई?”

“नवस नाही,” मी म्हटलं. “उसनं घेतलं होतं.”